नाव, सीमा आणि संरक्षण : अमेरिकी वाळवंटातील हेजहॉग निवडुंगाचा इतिहास

गोषवारा

उत्तर अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशात आढळणाऱ्या ‘एकायनोसेरियस’ या प्रजातीतील निवडुंगांना सामान्य व्यवहारात ‘हेजहॉग कॅक्टस’ असे म्हणतात. या प्रजातीचे शास्त्रीय नामकरण १८४८ मध्ये झाले. अमेरिका व मेक्सिको यांच्यातील युद्ध त्याच वर्षी तहाने संपले. तिच्यातील अनेक जातींची पहिली वर्णने सैन्याच्या, व्यापारी तांड्यांच्या आणि सीमा-सर्वेक्षण पथकांच्या मार्गांवर गोळा केलेल्या नमुन्यांवर आधारलेली आहेत. विसाव्या शतकात हीच नावे संरक्षण कायद्याचा आधार बनली आणि काही नावे शास्त्रीयदृष्ट्या टिकली नाहीत, तेव्हा त्यांच्याबरोबर त्या वनस्पतींचे संरक्षणही गेले. प्रस्तुत लेखात नाव, सीमा आणि संरक्षण या तीन घटकांचा परस्परसंबंध या एका वनस्पतिसमूहाच्या आधारे तपासला आहे.

बीजशब्द : एकायनोसेरियस, एंगेलमान, अमेरिका-मेक्सिको सीमा, वनस्पतिवर्गीकरण, संकटग्रस्त जाती कायदा.

१. प्रस्तावना

वनस्पतीचे शास्त्रीय नाव ही एक निरपेक्ष, काळाच्या पलीकडची गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज असतो. पाठ्यपुस्तकात लॅटिन नाव, त्यापुढे नाव देणाऱ्याचे आडनाव आणि क्वचित साल एवढेच दिलेले असते. ते नाव कोणत्या परिस्थितीत दिले गेले, नमुना कोणी, कोठे आणि कोणाच्या खर्चाने गोळा केला, हे प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या वर्गात येत नाहीत आणि इतिहासाच्या वर्गात वनस्पतीच येत नाही. परिणामी दोन्ही विद्याशाखांच्या सीमेवरील एक महत्त्वाचे अभ्यासक्षेत्र दुर्लक्षित राहते.

हेजहॉग निवडुंगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. या वनस्पतीला आर्थिकदृष्ट्या फार मोठे महत्त्व नाही. ती कापसासारखी किंवा रबरासारखी साम्राज्यांच्या अर्थकारणाचा कणा नव्हती. तरीही तिच्या नावांमागे एक युद्ध, दोन तह, एक वादग्रस्त नकाशा, एक सीमा आणि एक कायदा उभा आहे. नाव देणे म्हणजे केवळ ओळख पटवणे नव्हे. कोणती गोष्ट अस्तित्वात आहे असे राज्यसंस्था मान्य करते, हेही नावावरून ठरते. या विधानाची प्रचीती येथे येते.

२. वनस्पतीची ओळख आणि संज्ञेची व्याप्ती

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन भिन्न वनस्पतिसमूहांसाठी वापरला जातो. आपल्याकडील चीक असलेला तीनधारी निवडुंग हा एरंडाच्या कुलातील आहे, तर फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस आहे. कॅक्टेसी हे कुल मूळचे अमेरिका खंडातील असून त्यातील केवळ एका जातीचा नैसर्गिक प्रसार आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत झालेला आहे. प्रस्तुत लेखात ‘निवडुंग’ हा शब्द केवळ या कुलासाठी योजला आहे.

‘हेजहॉग’ हा अंगावर आखूड काटे असलेला आणि संकट येताच अंगाची गुंडाळी करणारा छोटा सस्तन प्राणी होय. साळिंदराशी त्याचा संबंध नाही. ‘एकायनोसेरियस’ या नावातील ‘एकायनोस’ हा ग्रीक शब्द या काटेरी प्राण्यासाठी आणि समुद्रातील काटेरी जीवासाठीही वापरला जात असे; ‘सेरियस’ म्हणजे मेणबत्ती. काटेरी फळ असलेली मेणबत्तीसारखी वनस्पती, असा त्याचा आशय आहे.

या प्रजातीत आज साधारणपणे साठ ते सत्तर जाती मानल्या जातात. त्यांपैकी बहुसंख्य मेक्सिकोत असून काही अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आढळतात. खोडे बुटकी, कंगोरेदार आणि बहुधा झुबक्यांनी वाढणारी असतात. फुलाची कळी काट्यांच्या पुंजक्यालगत खोडाची त्वचा फोडून बाहेर येते आणि फुलाच्या मध्यभागी हिरवे किंजल्क उठून दिसते. ही दोन लक्षणे बहुतेक जातींत सहज ओळखता येतात. ‘एकायनोसेरियस एंगेलमानी’ ही जाती कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोना या राज्यांत तसेच मेक्सिकोतील सोनोरा आणि बाहा कॅलिफोर्निया येथे पसरलेली आहे. वसंत ऋतूत तिला मोठी गडद गुलाबी-जांभळी फुले येतात. ती रात्री मिटतात आणि दिवसा पुन्हा उमलतात. त्यांचे परागण मुख्यतः मधमाश्यांकडून होते. ‘क्लॅरेट कप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल फुलांच्या जातींकडे मात्र गुंजन पक्षी आकृष्ट होतात.

नकाशावर पाहिल्यास एंगेलमानी जातीचा प्रदेश अमेरिका-मेक्सिको सीमेच्या दोन्ही बाजूंना सलग पसरलेला दिसतो. वनस्पतीच्या दृष्टीने तेथे कोणतीही रेषा नाही. तिच्या नावाच्या दृष्टीने मात्र ती रेषा निर्णायक ठरली.

३. युद्धकाळातील टिपणे

कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये ‘कॅक्टस’ या एकाच प्रजातीत २२ जातींचा समावेश केला होता. पुढील शंभर वर्षांत युरोपातील काचगृहांमध्ये अनेक निवडुंग आले. परंतु रिओ ग्रांदे नदीच्या उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शुष्क प्रदेशाची माहिती फारच तुटपुंजी होती. ही उणीव सेंट लुईस या शहरातील एका डॉक्टरने भरून काढली. गेओर्ग एंगेलमान यांचा जन्म १८०९ मध्ये फ्रँकफुर्ट येथे झाला. वैद्यकीय पदवी घेऊन ते १८३० च्या दशकात अमेरिकेत आले आणि सेंट लुईसमध्ये वैद्यकीय व्यवसाय करू लागले. पश्चिमेकडे जाणारे बहुतेक तांडे या शहरातून जात. त्यामुळे स्वतः फारसा प्रवास न करताही एंगेलमान यांना दूरदूरचे नमुने मिळत गेले.

त्यांचे सहव्यवसायी अडॉल्फ विसलिझेनस हेही जर्मनीतून आलेले डॉक्टर होते. १८३३ च्या फ्रँकफुर्ट येथील उठावात सहभागी झाल्यामुळे त्यांना मायदेश सोडावा लागला होता. १८४६ च्या वसंत ऋतूत ते एका व्यापारी तांड्याबरोबर सांता फे आणि तेथून पुढे चिवावा प्रांताकडे निघाले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने मेक्सिकोविरुद्ध युद्ध पुकारले. चिवावात पोहोचलेल्या विसलिझेनस यांना मेक्सिकन अधिकाऱ्यांनी कोसिविरियाची या डोंगराळ गावी नजरकैदेत ठेवले. तेथील मर्यादित परिसरात त्यांनी वनस्पती गोळा करण्याचे काम चालू ठेवले. फेब्रुवारी १८४७ मधील साक्रामेंतोच्या लढाईनंतर कर्नल डोनिफन यांच्या सैन्याने चिवावा शहर घेतले, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि त्या सैन्यात वैद्यक म्हणून सामील होऊन ते परतले.

त्यांचा प्रवासवृत्तान्त १८४८ मध्ये अमेरिकी सिनेटने छापला. त्याला जोडलेली वनस्पतिविषयक पुरवणी एंगेलमान यांनी लिहिली. याच पुरवणीत ‘एकायनोसेरियस’ ही नवी प्रजाती प्रथम मांडली गेली आणि ‘व्हिरिडिफ्लोरस’, ‘कॉक्सिनियस’, ‘ट्रायग्लोकिडिएटस’ या जातींची वर्णनेही प्रसिद्ध झाली. एका शास्त्रीय प्रजातीचे जन्मस्थान वैज्ञानिक नियतकालिक नसून संसदीय कागदपत्र असावे, ही बाब लक्षणीय आहे. सिनेटला हा वृत्तान्त हवा होता, कारण त्यात नव्या मुलखातील रस्ते, पाणी, खाणी आणि जमीन यांची माहिती होती. निवडुंगांची वर्णने त्या माहितीच्या जोडीने छापली गेली.

हे एकमेव उदाहरण नव्हते. जनरल कर्नी यांच्या ‘आर्मी ऑफ द वेस्ट’बरोबर गेलेले भूमापन अभियंता दलातील अधिकारी विल्यम एमरी यांच्या १८४८ मधील लष्करी अहवालातही एंगेलमान यांची निवडुंगविषयक टिपणे होती. प्रचंड आकाराच्या ‘साग्वारो’ या निवडुंगाला शास्त्रीय नाव याच अहवालातून मिळाले. ऑगस्ट फेंडलर या संग्राहकाने १८४६-४७ मध्ये सांता फे परिसरात नमुने गोळा केले, ते शहर अमेरिकी सैन्याच्या ताब्यात आल्यानंतर. त्यांचे नाव ‘एकायनोसेरियस फेंडलरी’ या जातीत टिकून आहे.

एंगेलमान यांचे काम म्हणजे केवळ लष्कराची सोबत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी फुलांबरोबरच बीज आणि गर्भ यांच्या रचनेचा सूक्ष्म अभ्यास केला आणि वाळलेले नमुने व जिवंत रोपे दोन्ही तपासून वर्णने लिहिली. जर्मनीतील निवडुंगांचे जाणकार प्रिन्स साल्म-डिक यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांच्या शास्त्रीय निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निष्ठेचा नसून साधनांचा आहे. नमुने कोठून येत होते, याचे उत्तर सैन्याच्या आणि तांड्यांच्या मुक्कामांमध्ये सापडते.

४. सीमारेषेचे सर्वेक्षण

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे इदाल्गो येथे तह झाला. मेक्सिकोने १ कोटी ५० लाख डॉलर्सच्या मोबदल्यात ५ लाख चौरस मैलांहून अधिक प्रदेश गमावला. तहात सीमेचे वर्णन शब्दांत होते. ती प्रत्यक्ष जमिनीवर आखणे बाकी होते. त्यासाठी दोन्ही देशांचे संयुक्त आयोग नेमले गेले आणि १८४९ मध्ये सान दिएगो येथून काम सुरू झाले.

या आखणीत एका नकाशाने मोठा गोंधळ घातला. तहाला जोडलेल्या, जॉन डिस्टर्नेल यांनी प्रकाशित केलेल्या नकाशात एल पासो या गावाचे स्थान चुकीचे दाखवले होते. नकाशा प्रमाण मानायचा की प्रत्यक्ष भूगोल, यावरून अमेरिकेचे आयुक्त बार्टलेट आणि मेक्सिकोचे आयुक्त गार्सिया काँदे यांनी काढलेली तडजोड वॉशिंग्टनमध्ये अमान्य झाली. हा वाद आणि लोहमार्गासाठी दक्षिणेकडील सपाट जमिनीची गरज, यांतून डिसेंबर १८५३ मध्ये गॅड्सडेन करार झाला. १ कोटी डॉलर्स देऊन अमेरिकेने आणखी सुमारे ३० हजार चौरस मैल प्रदेश घेतला. कागदावरील एक चूक भूभागाच्या मालकीवर परिणाम करू शकते, हे यातून दिसले. वर्गीकरणातील चुकांबाबतही पुढे असेच घडणार होते.

सर्वेक्षण पथकांबरोबर वनस्पती गोळा करणारेही होते. चार्ल्स क्रिस्टोफर पॅरी, चार्ल्स राइट, जॉर्ज थर्बर, जॉन बिगेलो आणि आर्थर शॉट ही त्यांपैकी प्रमुख नावे होत. पॅरी यांना कॅलिफोर्नियातील डोंगरांच्या पूर्व उतारावर, सान फेलिपे परिसरात एक काटेरी निवडुंग आढळला. त्यांनी त्याला एंगेलमान यांचे नाव दिले. १८५२ मध्ये एका अमेरिकी विज्ञान नियतकालिकात एंगेलमान यांनीच हे वर्णन ‘सेरियस एंगेलमानी’ म्हणून प्रसिद्ध केले. येथे ‘एकायनोसेरियस’ हे नाव का नाही, असा प्रश्न पडतो. कारण असे की १८४९ पर्यंत एंगेलमान यांनी आपलीच नवी प्रजाती मागे घेऊन ती ‘सेरियस’ या जुन्या, विस्तृत प्रजातीत समाविष्ट केली होती. नाव देणाऱ्यालाच नावाची खात्री उरलेली नव्हती.

सीमा-सर्वेक्षणाचा अहवाल एमरी यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला. त्यातील निवडुंगांविषयीचा एंगेलमान यांचा प्रबंध १८५९ चा असून त्यात ७५ चित्रफलक आहेत. बहुतेक चित्रे पाउलस रोटर या जर्मन वंशाच्या चित्रकाराने काढली. काटा आणि बी यांच्या रेखाटनातील अचूकपणामुळे ती आजही संदर्भासाठी वापरली जातात. एंगेलमान यांनी एका निवडुंगाला ‘सेरियस रोटेरी’ असे नाव देऊन या चित्रकाराचा गौरव केला. त्या नावाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

मेक्सिकोच्या बाजूनेही होसे सालाझार इलारेगी यांच्यासारख्या सर्वेक्षकांनी तेवढ्याच खडतर परिस्थितीत, किंबहुना अधिक अपुऱ्या साधनांनिशी सीमेचे मापन केले. तथापि वनस्पतींच्या नावांचा आधार असलेला एंगेलमान यांचा संग्रह सेंट लुईस येथील मिसूरी वनस्पती उद्यानात गेला. ज्या प्रजातीच्या बहुसंख्य जाती मेक्सिकोत आहेत, तिच्या नामकरणाचे केंद्र सीमेच्या उत्तरेला राहिले.

५. नावाआधीचे ज्ञान

शास्त्रीय नाव मिळण्यापूर्वी ही वनस्पती अज्ञात होती, असे म्हणता येत नाही. ओओधाम लोकांची वस्ती सोनोरा वाळवंटात युरोपीय आगमनाच्या कितीतरी आधीपासून आहे. एंगेलमानी निवडुंगाची गोड फळे त्यांच्या आहारात होती. फळ पिकल्यावर त्यावरील काटे सहज झडतात, ही गोष्ट खाणाऱ्याला वर्णनकारापेक्षा आधी कळते.

‘पिताया’ किंवा ‘पिताहाया’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून स्पॅनिशमध्ये आला आणि स्पॅनिश वसाहतींबरोबर मुख्य भूमीवर पसरला. खाण्याजोगी फळे देणाऱ्या अनेक निवडुंगांना तो लावला जाऊ लागला. बाहा कॅलिफोर्नियात राहिलेले जेझुइट धर्मप्रसारक याकोब बेगर्ट यांनी १७७० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेथील लोकांसाठी पितायाचा हंगाम हा वर्षातील समृद्धीचा काळ असल्याचे नमूद केले आहे. त्यांच्या वर्णनातील वनस्पती उंच खांबासारखे निवडुंग होते. परंतु टेक्सास आणि चिवावाच्या सीमाभागात हाच शब्द हेजहॉग निवडुंगांसाठीही रूढ झाला. म्हणजेच एकोणिसाव्या शतकातील संग्राहक ज्या मुलखात गेले, तेथे या वनस्पतींना नावे होती, हंगाम होते आणि उपयोगही होते.

स्थानिक नाव वनस्पतीचा माणसाशी असलेला संबंध सांगते; शास्त्रीय नाव वनस्पतीचा दुसऱ्या वनस्पतीशी असलेला संबंध सांगू पाहते. दोन्हींची प्रयोजने भिन्न असल्याने एकाने दुसऱ्याला खोटे ठरवण्याचे कारण नव्हते. परंतु राज्यसंस्थेच्या दप्तरात फक्त दुसऱ्या प्रकारच्या नावाला स्थान मिळाले. याचे परिणाम विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

६. नावांची फेररचना

एंगेलमान यांनी मागे घेतलेली प्रजाती इतरांनी पुनरुज्जीवित केली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल लमेर यांनी १८६८ मध्ये पॅरी यांची जाती ‘एकायनोसेरियस’मध्ये आणली आणि तिला आजचे नाव प्राप्त झाले. त्यानंतर नॅथॅनिएल ब्रिटन आणि जोसेफ रोझ यांनी ‘द कॅक्टेसी’ या चार खंडांच्या ग्रंथात (१९१९-१९२३) ‘सेरियस’ या जुन्या प्रजातीचे अनेक तुकडे केले आणि ‘एकायनोसेरियस’चे स्वतंत्र स्थान दृढ केले. याउलट लायमन बेन्सन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक स्वतंत्र जाती एकत्र करून त्यांना ‘प्रकार’ हा गौण दर्जा दिला. १९६९ मध्ये त्यांनी नैर्ऋत्य युटातील जांभळ्या काट्यांच्या रोपांना एंगेलमानी जातीचा ‘पर्प्युरियस’ हा प्रकार म्हणून नाव दिले.

या मतभेदांचे मूळ वनस्पतीच्या स्वभावातच आहे. हेजहॉग निवडुंगांचे काटे, रंग आणि झुबक्याचा आकार जमिनीनुसार व उंचीनुसार बदलतात. काही जातींत गुणसूत्रांची संख्या दुप्पट झालेली आहे. एंगेलमानी ही त्यांपैकीच एक. शेजारी वाढणाऱ्या जातींचा संकरही होतो. त्यामुळे एक जाती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, याविषयी अनुभवी तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. जोपर्यंत हा वाद ग्रंथांपुरता होता, तोपर्यंत त्याची किंमत कोणाला मोजावी लागत नव्हती.

७. कायद्याच्या कक्षेत

१९७३ हे वर्ष या इतिहासात वळणबिंदू ठरते. त्या वर्षी वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराचा मसुदा वॉशिंग्टन येथे मान्य झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत संकटग्रस्त जाती कायदा संमत झाला. साइट्स करार १९७५ मध्ये अंमलात आला. जवळजवळ संपूर्ण निवडुंग कुल त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि ‘एकायनोसेरियस श्मोली’सारख्या अतिदुर्मीळ जाती पहिल्या परिशिष्टात आहेत. शौकिनांच्या संग्रहांसाठी रोपे उपटून नेणे, ही या वनस्पतींवरील मोठी आपत्ती असल्याने हे नियमन आवश्यक होते.

अमेरिकेच्या कायद्यानुसार १९७९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अनेक हेजहॉग निवडुंग संरक्षित सूचीत आले. ॲरिझोनातील तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात वाढणारा ‘ॲरिझोना हेजहॉग’, न्यू मेक्सिकोतील ‘कुएन्झ्लर हेजहॉग’, टेक्सासमधील इवलासा ‘डेव्हिस ग्रीन पिताया’, जांभळ्या काट्यांचा ‘पर्प्युरियस’, ‘लॉइड हेजहॉग’ आणि ‘बिनकाट्यांचा हेजहॉग’ यांचा त्यात समावेश होता. शासकीय सूचीतील ‘पिताया’ या शब्दाच्या रूपाने ताइनो भाषेतील एक शब्द कायद्याच्या दप्तरात पोहोचला, ही इतिहासाची एक विलक्षण खूण म्हणता येईल.

मात्र यांपैकी तीन नोंदी टिकल्या नाहीत. ‘पर्प्युरियस’ हा स्वतंत्र प्रकार नसून त्याच परिसरातील सामान्य रोपांमध्ये अधूनमधून दिसणारे रंगभेदाचे रूप आहे, असे ठरल्याने १९८९ मध्ये त्याचे नाव सूचीतून काढण्यात आले. बिनकाट्यांची रोपे काटेरी रोपांच्या समूहातच आढळतात, या कारणाने १९९३ मध्ये ती नोंद रद्द झाली. ‘लॉइड हेजहॉग’ हा दोन जातींचा संकर असल्याचे प्रयोगांनी सिद्ध झाल्यावर १९९९ मध्ये तोही सूचीबाहेर गेला. विशेष म्हणजे या संकराला आज जे नाव दिले जाते, ते ‘रोटेरी’ होय. सीमेची चित्रे काढणाऱ्या कलावंताच्या गौरवार्थ दिलेले नाव अखेर अशा वनस्पतीला चिकटले, जी कायद्याच्या दृष्टीने ‘जाती’च नाही.

या तिन्ही निर्णयांमागील शास्त्रीय कारणे योग्य होती. त्या वनस्पतींची संख्या वाढली म्हणून त्या वगळल्या गेल्या नाहीत. त्यांची नावे टिकली नाहीत म्हणून वगळल्या गेल्या. प्राण्यांच्या बाबतीत याच कायद्यात एक सवलत आहे. १९७८ च्या दुरुस्तीनुसार पृष्ठवंशी प्राण्यांच्या एखाद्या विशिष्ट स्थानिक समूहालाही, तो स्वतंत्र जाती नसला तरी, संरक्षण देता येते. वनस्पतींना ही सोय नाही. वनस्पतीला सूचीत येण्यासाठी जाती, उपजाती किंवा प्रकार म्हणून मान्य नाव असावेच लागते. शिवाय खाजगी जमिनीवरील संरक्षित वनस्पती उपटण्यास हा केंद्रीय कायदा प्राण्यांप्रमाणे सरसकट बंदी घालत नाही. अशा स्थितीत वर्गीकरणशास्त्रज्ञाचा निर्णय हा प्रत्यक्षात धोरणात्मक निर्णय ठरतो. त्याने तसा तो घेतलेला नसतो, हा भाग वेगळा.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ‘ॲरिझोना हेजहॉग’चे शास्त्रीय स्थान वारंवार बदलले. कधी तो एका जातीचा प्रकार, कधी दुसरीचा, तर कधी स्वतंत्र जाती मानला गेला. परंतु प्रत्येक फेररचनेत त्याचे वेगळेपण मान्य झाल्याने त्याची नोंद रद्द झाली नाही. ‘कुएन्झ्लर हेजहॉग’ला २०१८ मध्ये ‘संकटग्रस्त’ऐवजी ‘धोक्याच्या छायेतील’ असा सौम्य दर्जा मिळाला, तो त्याची अधिक ठिकाणे आणि अधिक रोपे माहीत झाल्यामुळे. म्हणजे कायदा यशस्वी होऊ शकतो. मात्र त्यासाठी नाव आणि प्रत्यक्ष क्षेत्र-निरीक्षण यांची सांगड आवश्यक असते.

८. सीमेवरील भिंत

गॅड्सडेन कराराने ओओधाम लोकांचा प्रदेश त्यांना न विचारता दोन देशांत विभागला. त्या प्रदेशाच्या पश्चिम भागात १९३७ मध्ये ‘ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारक’ स्थापन झाले. १९७६ मध्ये त्याला युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. एंगेलमानी निवडुंग या क्षेत्राच्या नैसर्गिक संपदेचा भाग आहे.

२०१९-२० मध्ये या क्षेत्राच्या दक्षिण सीमेवर सुमारे तीस फूट उंच पोलादी खांबांची भिंत बांधण्यात आली. २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्याने सीमेवरील बांधकामासाठी इतर कायदे स्थगित करण्याचा अधिकार शासनाला दिला होता. त्या अधिकाराखाली ज्या कायद्यांना बाजूला सारण्यात आले, त्यांत संकटग्रस्त जाती कायद्याचाही समावेश होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ओओधाम लोकांना पवित्र असलेल्या मॉन्युमेंट हिल या टेकडीवर सुरुंग लावण्यात आले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२१ या काळात बांधलेल्या सुमारे ४५८ मैलांच्या अडथळ्यांमुळे सांस्कृतिक आणि नैसर्गिक संपदेची हानी झाल्याचे नमूद केले.

१८४९ मध्ये सीमा आखणाऱ्या पथकांनी निवडुंगांना नावे दिली; १९७३ नंतर कायद्याने त्यांतील काही नावांना संरक्षण दिले; २०१९ मध्ये त्याच सीमेच्या रक्षणासाठी त्या संरक्षणाला बगल देण्यात आली. तिन्ही प्रसंगी निर्णय घेणारी राज्यसंस्था एकच होती आणि तिन्ही प्रसंगी त्या भूमीवर पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्यांचे ज्ञान निर्णयाच्या बाहेर राहिले.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, हेजहॉग निवडुंगाच्या नामकरणाचा इतिहास आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्ताराचा इतिहास परस्परांपासून अलग करता येत नाही. नमुन्यांची ठिकाणे ही सैन्य, व्यापार आणि सर्वेक्षण यांच्या मार्गांची ठिकाणे आहेत. दुसरा, या परिस्थितीमुळे एंगेलमान, पॅरी किंवा रोटर यांच्या कार्याचे शास्त्रीय मोल कमी होत नाही. उलट अस्थिर काळात केलेली काटेकोर निरीक्षणे पुढील पिढ्यांना उपयोगी पडली. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, शास्त्रीय नाव हे बदलत जाणारे गृहीतक असते, तर कायद्याला स्थिर संज्ञा लागते. या दोहोंतील अंतराची किंमत वनस्पतीला मोजावी लागते.

त्यामुळे संरक्षणाचा विचार केवळ नावांच्या सूचीवर न थांबता स्थळांपर्यंत गेला पाहिजे. संकर असो, रंगभेदाचे रूप असो वा मान्यताप्राप्त जाती, ती ज्या उतारावर वाढते तो उतार टिकला तरच वर्गीकरणाचा वादही जिवंत राहील. इतिहासाच्या अभ्यासकाने या चर्चेत सहभागी होणे गरजेचे आहे. कोणते नाव कोणत्या कागदावर, कोणत्या हेतूने प्रथम लिहिले गेले, हे सांगण्याचे काम त्याचे आहे आणि ते काम वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होऊ शकत नाही.